जिवंत आत्याचा दुखवटा

हडगोळीच्या मल्लिनाथअप्पांनी आपली सख्खी आत्या मारली, ती वॉर्डाच्या एका रेघेपायी. आत्या आजही आळंदला ठणठणीत आहे. सकाळी उन्हाला बसून स्वतः शेंगा फोडते, सुनांना नावं ठेवते. ही हकिगत तिच्या कानावर जाऊ नये म्हणून अप्पा अजूनही आळंदकडून येणाऱ्या एसटीकडं नीट बघत नाहीत.

पण रेघेचं आधी सांगितलं पाहिजे. हडगोळी हे भूकंपानंतर सरकारनं नव्या जागेवर आखून बांधून दिलेलं गाव. सगळी घरं सारखी, सगळे रस्ते सरळ, ओळीमागं ओळ. इथं पाहुणा भलत्याच घरात शिरतो, चहा पितो आणि उठताना विचारतो, "वहिनी दिसंनात कुठं?" अशा गावात वॉर्ड पाडायला डोकं लागत नाही, पट्टी असली की झालं. ग्रामपंचायतीची मुदत संपत आली तशी पुढच्या निवडणुकीसाठी वॉर्डांची नवी आखणी निघाली आणि कच्चा नकाशा पंचायतीच्या फळ्यावर लागला. पहिले दोन दिवस तो उलटा लागला होता. त्या दोन दिवसांत ज्यांनी पेढे वाटले त्यांचं काय झालं ते इथं सांगत बसत नाही.

मल्लिनाथअप्पा वॉर्ड दोनचे मेंबर. कापडाचं दुकान, ओढ्यापलीकडं थोडं रान, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, आणि मेंबर झाल्यापासून चालताना हात पाठीमागं बांधायची सवय. त्यांना निवडून आणलं ते मागच्या तीन ओळींनी; गाव त्या तिन्हींना मिळून 'मागची ओळ'च म्हणतं. त्या ओळीतल्या तुळजाबाईनं मतदानाच्या दिवशी भाकरी थापणाऱ्या बायका तव्यावरून उठवून रांगेत उभ्या केल्या होत्या. नव्या नकाशात याच तीन ओळी रेघेपलीकडं, हिंमतरावांच्या वॉर्ड तीनमध्ये गेल्या. बदल्यात हिंमतरावांची टाकीखालची ओळ अप्पांकडं आली.

"तुम्ही जीव कशाला खाली-वर करता?" ग्रामसेवक म्हणाला. "मुदत संपेपर्यंत तुम्ही जुन्याच वॉर्डाचे मेंबर. नवी रेघ पुढच्या निवडणुकीपासून."

अप्पांनी यातलं 'पुढच्या निवडणुकीपासून' एवढंच ऐकलं.

पहिल्या दिवशी अप्पा पेटले होते, हे मात्र कबूल केलं पाहिजे. मागच्या ओळीत जाऊन त्यांनी कट्ट्यावर हात आपटला. "माझी माणसं माझ्यापासून तोडतात म्हणजे काय? हरकत घिऊ! तहसीलच्या दारात बसू!" तुळजाबाईनं पदराला डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी रेवणसिद्ध मास्तर दुकानात आले आणि सगळा खेळ बिघडला. मास्तर रिटायर झाल्यापासून गावाला फुकट सल्ला देतात, आणि फुकटची गोष्ट वापरली नाही तर वाया जाते असं आपल्या लोकांना वाटतं.

"अप्पा, डोकं शांत ठेवा," मास्तर म्हणाले. "मागच्या ओळीतली निम्मी माणसं ऊसतोडीला भाईर. जी हायेत ती रोज तुमच्या दारात. आज नाली तुंबली, उद्या दिवा गेला. टाकीखालचे लोक काय मागतेत? नुसता रामराम! सरकारनं तुमाला सोन्याचा वॉर्ड दिलाय आणि तुमी हरकत घ्यायलाव?"

संध्याकाळी अप्पा पुन्हा मागच्या ओळीत गेले. या खेपेला कट्ट्याला हात लावला नाही. "सरकारी काम हाय, मावशी," ते तुळजाबाईला म्हणाले. "आपल्या हातात काय असतंय?" आणि हात पाठीमागं बांधून परत आले.

एवढ्यावर भागलं असतं, तर गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. पण मधे येळवस आली.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळं गाव रानात. ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, उंडे, आंबील असं पोट फुटेपर्यंत खायचं. ज्याला रान आहे तो रान नसलेल्याला घेऊन जातो. अप्पांच्या रानात दरसाल मागची ओळ यायची. बोलावणं नसायचंच; उठायचं आणि चालू लागायचं. यंदा अप्पांच्या मनात टाकीखालची ओळ बोलवायची होती. कोपीपुढं जागा तेवढीच, हंडा तेवढाच, आणि दोन्ही ओळी एका पंगतीला बसवल्या तर नव्या मतदारांपुढं जुने मतदार नालीचं गाऱ्हाणं काढणार. पण येळवसला कुणाला 'येऊ नका' म्हणायची रीत नाही. तसं म्हणणाऱ्याचं रान पिकत नाही म्हणतात.

"सुतक हाय म्हणा," मास्तर म्हणाले.

"मास्तर, आपल्या लिंगायतात सुतक कुठं पाळतेत?"

"मग मयत म्हणा. मयत सगळ्यांत असती."

आता मारायचं कुणाला, यावर घरात चर्चा झाली. अप्पांच्या बायकोनं, श्रीदेवीनं, सुरुवातीलाच सांगून टाकलं, "माझ्या माहेरच्या माणसाला हात लावाल तर बघा." अप्पांनी आपल्या बाजूची माणसं डोळ्यांखालून घातली. चुलता भाऊबंदकीत आधीच रागावलेला, त्याला मारलं तर अप्पांचं दुःख खरं वाटलं नसतं. शेवटी आळंदची गंगम्मा आत्या ठरली. लांब राहते, कर्नाटकात. फोन वापरत नाही. आणि तिचा अप्पांवर फार जीव, म्हणजे कळलं तरी माफ करील. लहानपणी आईला बरं नसताना हिनंच अप्पांना वर्षभर सांभाळलं होतं. हे आठवून अप्पांना थोडा वेळ कसंतरी झालं. मग मास्तर म्हणाले, "अवो, नुसतं तोंडानं म्हणायचंय," आणि आत्या गेली.

तोंडानं म्हटलेली मयत तोंडापुरती राहत नाही. बातमी फुटल्यावर तासाभरात मागची ओळ भेटायला आली. सरकारी ओळीतलं घर, पुढच्या खोलीत बसलं की मागचं सगळं दिसतं. मागं श्रीदेवीनं आंबिलीचं पीठ आंबत घातलेलं, उंड्यांसाठी बाजरीचा डबा उघडा. ती घाईघाईनं त्यावर घोंगडं टाकून आली आणि तुळजाबाईनं तिला मिठी मारली.

"रड बाई रड, आत ठिवू नगं," तुळजाबाई म्हणाली. श्रीदेवीला खरंच रडू आलं. कशाचं, ते तिनं नंतर अप्पांना एकट्याला सांगितलं.

"मेंबर, मातीला कवा निघायलाव?" म्हाताऱ्या बंडप्पानं विचारलं. मागच्या ओळीत तो सगळ्यांच्या मातीला जातो. "म्या यीन संगं."

"नको, नको. लांबचा पल्ला. तुमचे गुडघे..." असं काहीबाही बोलून अप्पा तसेच उठले आणि उमरग्याच्या एसटीत बसले. मातीला गेलो हे दाखवायला जाणं भागच होतं. दिवसभर ते उमरग्याच्या स्टँडवर बसले. दुपारी भजी खाल्ली. मग वेळ जाईना म्हणून बाजारात गेले आणि येळवसला लागणारी वांगी, तुरीच्या शेंगा, पातीचा कांदा, मेथी असं पोतंभर माळवं घेतलं. काम तेवढंच हातावेगळं झालं म्हणून बरं वाटत होतं, तेवढ्यात मागून खांद्यावर हात पडला.

हिंमतराव होते. वॉर्ड तीनचे मेंबर, सहा फूट उंची, आवाज असा की कानात बोलले तरी स्टँडभर ऐकू जावं.

"अप्पा! कळलं मला. लई वाईट झालं! चला, गाडी हाय, आळंदला सोडतो."

"माती झाली," अप्पा म्हणाले.

"इतक्या लवकर?"

"उन्हाच्या आत उरकली."

"थंडीचे दिवस हायेत की!" हिंमतराव म्हणाले, पण दुःखातल्या माणसाशी वाद घालू नये म्हणून गप्प बसले. त्यांनी पोतं उचलून गाडीत टाकलं. वाटेत एक वांगं गडगडत पुढं आलं. हिंमतरावांनी ते हातात घेऊन बघितलं.

"आत्याच्या रानातली," अप्पा म्हणाले. "शेवटची आठवण."

हिंमतरावांचे डोळे भरून आले. मोठा हळवा माणूस. त्यांनी ते वांगं दोन्ही हातांनी परत पोत्यात ठेवलं. मग म्हणाले, "यंदा तुमची येळवस न्हाय, तर मागच्या ओळीला म्या बोलवतो. बिचाऱ्यांनी कुठं जावं? अन् पुढं माझ्याच वॉर्डात येणार हायेत." अप्पांना हायसं वाटलं. सगळं आपोआप जमत होतं, आणि चांगल्या माणसाला जी लाज वाटायला हवी होती ती अप्पांना नेमकी तेव्हा वाटली नाही.

येळवसच्या दिवशी अप्पांनी नवं धोतर नेसलं, फेटा बांधला. मास्तर सकाळपासूनच रानात हजर, भज्जीचं मीठ बघायला. टाकीखालची ओळ आली तीच मुळी पडलेल्या चेहऱ्यांनी. एवढ्या गावात बातमी एकाच ओळीत थांबेल असं अप्पांना वाटलं होतं, त्याला काय म्हणावं! पुढं योगीराज होते, टाकीखालचे मोठे शेतकरी. ज्यांच्या रामरामासाठी हा सगळा खटाटोप.

"अप्पा, घरात दुःख असताना आमाला जेवू घालायलाव?" योगीराज म्हणाले. "काय म्हणावं या मनाला!"

अप्पा फेटा सारखा करायला लागले. मास्तर पुढं सरसावले. "आत्यांची शेवटची इच्छा हुती. म्हणाल्या, माझ्यामागं येळवस मोडू नगं. टाकीखालच्या लोकांना जेवू घाल."

"आमाला? त्या आमाला वळखत हुत्या?"

"नावानिशी," मास्तर म्हणाले.

तिकडं चुलीपाशी श्रीदेवीनं पळी जोरात आपटली. पण योगीराजांना गहिवरून आलं होतं. "मग जेवणाआधी दोन मिन्टं उभं ऱ्हाऊन श्रद्धांजली वाहू," ते म्हणाले. पत्रावळींपुढं बसलेली सगळी ओळ उठली, टोप्या काढल्या, माना खाली घातल्या, डोळे मिटले. अप्पांनीही मिटले. मग ओढ्याकडून पावलांचा आवाज आला म्हणून त्यांनी एक डोळा किलकिला केला.

ओढ्याच्या बांधावरून मागची ओळ येत होती. पुढं तुळजाबाई, डोक्यावर आंबिलीचं मडकं. मागं बायका, कुणाच्या हातात उंड्यांची टोपली, कुणाच्या हातात हळदीकुंकवाचं ताट. बंडप्पा काठी टेकत सगळ्यांत मागं. दोन मिनिटं चालू होती, बोलायची सोय नव्हती. अप्पा फेट्यासकट उभे, आणि ती माणसं जवळ, आणखी जवळ येत होती. उभ्या आयुष्यात इतकी लांब दोन मिनिटं अप्पांनी काढली नव्हती. पळावं म्हटलं तर रान स्वतःचंच.

मागची ओळ कोपीपाशी येऊन थांबली. पत्रावळी, हंडा, फेटा, टाकीखालची ओळ, असं सगळं त्यांनी बघितलं. शेवटी बंडप्पाला राहवलं नाही. त्याला अजून नीट उमगलं नव्हतं.

"मेंबर, तुमी दुःखात, तवा रानाची पूजा चुकाया नगं म्हनून आमी करून जावं म्हनलं," तो म्हणाला. "हिंमतरावनी ट्रॅक्टर धाडला हुता. आमी न्हाय गेलाव. मेंबरच्या घरी मयत आन् आमी पंगतीला बसायचं व्हय? उद्या तहसीलला सुनावनी हाय, तितं मातूर चाल्लाव सगळे. आमाला मेंबरपासनं तोडू नगा म्हनून..."

आणि बोलता बोलताच बंडप्पाला उमगलं. तो थांबला आणि उगाच काठीनं माती उकरायला लागला.

अप्पांना वाटलं, आता तुळजाबाईनं शिव्या द्याव्यात. तिच्या शिव्या गावात नावाजलेल्या आहेत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान मान वर करून ऐकता आल्या असत्या. पण ती कोपीपाशी वाकली. पांडवांना हळदकुंकू वाहिलं. मडक्यातली आंबील कोपीभोवती शिंपडली, जशी दरसाल शिंपडायची तशी. मग रिकामं मडकं उचललं.

"मावशी, बसा की," अप्पा म्हणाले. "दोन घास खावा."

"आमी रानासाठी आलाव," तुळजाबाई म्हणाली. "रानाचा काय दोष?"

ती माणसं आली तशी बांधावरून परत गेली. टाकीखालची ओळ जेवली, पोटभर जेवली. योगीराज निघताना म्हणाले, "भज्जी बरी हुती. हिंमतरावकडं लसूण जास्त घालतेत." मास्तरांनी डबा भरून नेला. अप्पांचा उंडा पत्रावळीवर तसाच राहिला. श्रीदेवी भांडी गोळा करताना एवढंच म्हणाली, "मला त्या बाईच्या गळ्यात पडून रडाय लावलं तुमी." अप्पांनी फेटा सोडला आणि मेंबर झाल्यापासून पहिल्यांदाच उष्ट्या पत्रावळी गोळा करायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता अप्पा मोटरसायकलवर तहसीलला गेले. वाटभर त्यांनी भाषण जुळवलं. मी भर सुनावणीत उभा राहीन. म्हणेन, साहेब, ही माझी माणसं आहेत, मला यांच्याशिवाय वॉर्ड नको, टाकीखालची ओळ हिंमतरावांना परत द्या. एवढं बोललं की काहीतरी धुऊन निघेल. निवडणूक गेली तर गेली! वाटेतल्या पुलावर त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं आणि लगेच त्या कौतुकाचीही लाज वाटली.

हॉल भरला होता. एका बाजूला मागची ओळ, तुळजाबाई पुढं. दुसऱ्या बाजूला हिंमतराव, योगीराज आणि मास्तर. अप्पा मधल्या वाटेवर उभे राहिले, कारण दोन्हीकडं बसायची त्यांची छाती झाली नाही. समोर टेबलामागं साहेब होते, चष्मा नाकावर, सकाळपासून बारा गावांच्या रेघा ऐकून कंटाळलेले.

"हडगोळी. वॉर्ड दोन. हरकत कुणाची?"

तुळजाबाई उठली. अप्पा घाईनं पुढं झाले. "साहेब, मी या वॉर्डाचा मेंबर. यांची हरकत बरोबर आहे, मला..."

"थांबा हो. हरकत त्यांची आहे, त्यांना बोलू द्या. हं, बोला आजी."

"साहेब, आमी अर्ज केला हुता, आमाला ह्येंच्याच वॉर्डात ठिवा म्हनून," तुळजाबाई म्हणाली. "तेवढा माघारी घेताव. रेघ हाय तितंच ऱ्हाऊ द्या."

मागच्या ओळीत कुणी चुळबुळ केली नाही. सगळ्यांचं ठरलेलं होतं.

"मागे घेताय?" साहेबांनी पहिल्यांदाच मान वर केली. "एवढ्या लांबून येऊन? कारण लिहावं लागतं. काय कारण?"

समोर हिंमतराव बसले होते, ज्यांनी वांगं दोन हातांनी पोत्यात ठेवलं होतं. शेजारी योगीराज, ज्यांनी टोपी काढली होती. आता ही बाई एक वाक्य बोलेल आणि सरकारी कागदावर कायमचं चढेल, की हडगोळीच्या मेंबरानं मतांसाठी जिवंत आत्या मारली. आणि बोललीच पाहिजे, तिचा हक्कच आहे, असंही त्यांना वाटत होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"मेंबरच्या घरी मयत झालीय साहेब," तुळजाबाई म्हणाली. "आता आनखी आमचा भार कशाला त्येंच्यावर?"

साहेबांचा चेहरा जरा मऊ झाला. त्यांनी अप्पांकडं बघितलं. "अरेरे. कोण वारलं हो?"

मागची सगळी ओळ वळून अप्पांकडं बघायला लागली. बंडप्पासुद्धा. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर अप्पांनी खरं सांगून टाकलं असतं. पण राग नव्हता. ती माणसं नुसती वाट बघत होती, हा माणूस काय म्हणतो त्याची.

"आत्या," अप्पा म्हणाले.

"वय झालं होतं का?"

तुळजाबाईनंच उत्तर दिलं.

"न्हाय साहेब. अजून लई जगली असती."

साहेबांनी खेदानं मान हलवली, कागदावर 'हरकत मागे' असं लिहिलं आणि पुढच्या गावाचं नाव पुकारलं. मागची ओळ उठून एकेक करत बाहेर पडली. जाताना अप्पांना धक्का लागू नये म्हणून प्रत्येकजण अंग चोरून गेला. अप्पा मधल्या वाटेवर तसेच उभे होते आणि त्यांना बसा असं कुणी म्हणालं नाही.